लांबच्या सर्व्हरवरची व्हीएम बघायची कशातून: ब्राउझर की व्हर्ट-मॅनेजर?

सर्व्हर पुण्याला ऑफिसात, मी सांगलीत लॅपटॉपवर. सर्व्हरवर केव्हीएम (लिनक्सवर व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवायची सोय) आहे आणि एसएसएचने (सुरक्षित दूरस्थ लॉगिनने) आत शिरता येतं, एवढं गृहीत धरतो. आतल्या व्हीएमचा पडदा इकडे आणायला माझ्या मते दोनच मार्ग विचार करण्याजोगे आहेत: कॉकपिट किंवा प्रॉक्समॉक्ससारखं ब्राउझरमधलं पॅनल, नाहीतर आपल्याच लॅपटॉपवर बसवलेला व्हर्ट-मॅनेजर हा व्हीएम सांभाळायचा प्रोग्रॅम. (तो सर्व्हरवरच चालवून खिडकी एक्स-फॉरवर्डिंगने ओढून आणता येते. लॅनवर ठीक. घरून एक मेनू उघडेस्तोवर चहा होतो, तेव्हा तो विषय सोडू.)

ब्राउझरचं कौतुक आधी. लॅपटॉपवर काहीच बसवावं लागत नाही. कॉकपिटचा पोर्ट ९०९०, प्रॉक्समॉक्सचा ८००६; व्हीपीएन जोडलेलं असलं की कुठल्याही लॅपटॉपवरून अडकलेली मशीन रीबूट करता येते. नवी मशीन बनवणं, बॅकअप लावणं ही कामं प्रॉक्समॉक्समध्ये खरोखर सुटसुटीत आहेत. रेड हॅटनेही आपल्या लिनक्सच्या, म्हणजे आरएचईएलच्या, ८ व्या आवृत्तीपासून व्हर्ट-मॅनेजर बाजूला सारून कॉकपिट पुढे केलं, म्हणजे वारं कुठे वाहतंय ते दिसतंच.

मला नडला तो कंट्रोल-डब्ल्यू. टर्मिनलमध्ये शब्द चुकला की हात आपोआप तिकडे जातो, मागचा शब्द पुसला जातो. ब्राउझरमधल्या कन्सोलवर तेच केलं की शब्द राहतो जागेवर आणि टॅब होतो बंद. हा शॉर्टकट ब्राउझर स्वतःकडे राखून ठेवतो, टॅबमधल्या पानापर्यंत पोचूच देत नाही. त्यामुळे नोव्हीएनसी (ब्राउझरमध्ये व्हीएमचा पडदा दाखवणारा प्रोग्रॅम) लिहिणाऱ्यांना तरी काय बोल लावणार! कंट्रोल-टी आणि कंट्रोल-एनचंही तेच. विम या टेक्स्ट एडिटरमध्ये एका खिडकीतून दुसरीत जायचं तर सुरुवात कंट्रोल-डब्ल्यूनेच. व्हीएममधल्या फायरफॉक्सचा टॅब मिटवायला जावं, तर मिटतो बाहेरचा. मशीनला काही होत नाही, ती तिकडे मजेत चालू असते. आपण मात्र पुन्हा पॅनल उघडा, मशीन शोधा, कन्सोल जोडा, आणि विम कुठल्या मोडमध्ये सोडला होता ते आठवत बसा. ज्यांचा हात माउसवरच जास्त असतो त्यांना हे कदाचित जाणवणारही नाही. मला दिवसातून अनेकदा जाणवायचं.

व्हर्ट-मॅनेजरच्या खिडकीत कीबोर्ड आतल्या मशीनच्या ताब्यात जातो. सोडवायचा तर डावा कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र दाबायचे. जोडणी एसएसएचमधूनच जात असल्याने व्हीएमच्या पडद्याचा ५९०० पोर्ट बाहेर उघडावा लागत नाही. त्याचीही एक कटकट आहे, ती लपवत नाही. व्हीएमचा पडदा स्पाइस या पद्धतीने येत असेल तर पडदा, कर्सर, कीबोर्ड असे वेगवेगळे चॅनल असतात, आणि प्रत्येकासाठी नवी एसएसएच जोडणी होते. पासवर्डवर विसंबलात तर एक खिडकी उघडायला तो पुन्हा पुन्हा विचारत राहतो. पासवर्डऐवजी एसएसएचची किल्ली (की) तयार करून सर्व्हरवर टाकली की प्रश्न मिटतो. ब्राउझरच्या कटकटीला इतका सोपा उतारा मला सापडला नाही.

स्पाइसमुळे कॉपी-पेस्टही सरळ होतं, फक्त आतल्या मशीनमध्ये स्पाइस-व्हीडीएजंट हा छोटा प्रोग्रॅम टाकलेला हवा. लांबलचक टोकन हाताने टंकायची पाळी ज्याच्यावर आली असेल त्याला याचं मोल कळेल. मात्र आरएचईएल ९ मधून स्पाइस काढून टाकलंय. आरएचईएलवरच बेतलेल्या अल्मा किंवा रॉकी लिनक्सची ९ आवृत्ती असेल तर व्हीएनसी या जुन्या, साध्या पद्धतीवर समाधान मानावं लागेल. सर्व्हर अजून उभा करायचा असेल तर मी तेवढ्यासाठी डेबियन निवडेन.

आत विंडोज असेल तर दोन्ही कन्सोल फक्त इन्स्टॉलेशनपुरते ठेवा, रोजच्या कामाला थेट आरडीपी (विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप). लाईट गेल्यावर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मला तरी तेच सर्वांत सुसह्य वाटलं.

आपलाच लॅपटॉप विंडोजचा असेल तर व्हर्ट-मॅनेजर तिथे थेट चालत नाही, डब्ल्यूएसएलचा (विंडोजच्या आत लिनक्स चालवायच्या सोयीचा) वळसा घ्यावा लागतो. तेवढी खटपट नको असेल तर प्रॉक्समॉक्स घ्या, मशीनचा डिस्प्ले स्पाइसवर ठेवा आणि कन्सोलच्या मेनूतून नोव्हीएनसीऐवजी स्पाइस निवडा. एक छोटी फाइल उतरते, ती व्हर्ट-व्ह्यूअर या पडदा दाखवणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये उघडते. पॅनल ब्राउझरमध्येच राहतं, पण कंट्रोल-डब्ल्यू पोचतो थेट व्हीएममध्ये.