सुतारकाम शिकायचंय? धार कशावर लावणार ते आधी ठरवा

रंधा कुठला घ्यावा हे सगळे आधी विचारतात, पण दुकानातून आणलेली पटाशी काय किंवा रंध्याचं पातं काय, बहुतेक वेळा कामाला तयार नसतंच, घरी आणून धार लावावीच लागते, म्हणून मी म्हणतो पहिले पैसे धारेच्या सामानावर टाका आणि उरतील त्यात हत्यारं घ्या.

सगळ्यात स्वस्त म्हणजे जाड काचेचा तुकडा आणि त्यावर गाडीचे पेंटवाले वापरतात तो काळा वॉटर पेपर, ३२०, १००० आणि २००० नंबरचा (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक). पाणी मारलं की कागद काचेला चिकटून बसतो आणि धार अप्रतिम येते. पण कागद लवकर संपतात, आणि पटाशी पुढे ढकलली की फाटतात, मागेच ओढावी लागते.

ऑइल स्टोन, म्हणजे तेल टाकून घासायचा धारेचा दगड, नाशिकमध्ये रविवार कारंज्याच्या आसपास जुन्या हार्डवेअरवाल्याकडे सहज मिळेल, एक बाजू जाड एक बारीक, वर्षानुवर्षं टिकतो, आपल्याकडचे कितीतरी जुने मिस्त्री यावरच धार लावतात आणि त्यांचं काम बघा की! अडचण एकच, घासून घासून मधे खळगा पडतो, मग पातं सरळ घासलं जात नाही आणि नवख्याला ते कळतच नाही.

डायमंड प्लेट महाग पडते, पण सपाट राहते आणि थोडं पाणी पुरतं. फक्त जोर लावू नका, हिऱ्याचे कण निघतात.

माझं मत, काच आणि वॉटर पेपरने सुरुवात करा, हात बसला की ४००/१००० ची डायमंड प्लेट घ्या. होनिंग गाईड, म्हणजे पातं एका ठरावीक अँगलला धरून ठेवणारी पकड, मात्र पहिल्या दिवसापासून घ्याच, २५ अंशाचा उतार आणि टोकाला ३०, हात कितीही हलला तरी अँगल हलत नाही. उताराची बाजू घासत राहायची, मागच्या सपाट बाजूला बोटाला बारीक कड लागेपर्यंत, ती कड यायच्या आधीच पुढच्या नंबरवर गेलात तर धार येणार नाही. ग्राइंडरच्या नादी सध्या लागू नका, पातं तापून निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला समजा.

आता हत्यारं. लाकडी रंधा हलका आणि स्वस्त, पण हातोडीने ठोकून पातं सेट करावं लागतं आणि पावसाळ्यात लाकूड फुगतं. लोखंडी ५ नंबर (मधल्या लांबीचा, जॅक प्लेन) घ्या, स्क्रूने सेट होतो, दुकानातच तळाला स्टीलची पट्टी लावून सपाट आहे का बघा, आणि पावसाळ्यात तेलाचा हात मारून ठेवा नाहीतर गंज चढलाच. पटाशा तीनच, पाव, अर्धा आणि एक इंच, आठचा सेट नको. सागावर शिकणार असाल तर धार सारखी लावायची तयारी ठेवा, त्यात सिलिका असते, धार पटकन जाते.

करवतीत देशी करवतीला तिकोनी कानशीने परत धार करता येते, जपानी करवतीचे दात बहुतेक वेळा इतके कडक केलेले असतात की कानस चालत नाही, पातंच बदलायचं. तरी पहिली करवत जपानीच घ्या, ती ओढताना कापते त्यामुळे पातळ पातं वाकत नाही आणि रेघेवर राहते.