वर दोन इंच खडी, खाली नुसती माती

डिचोली तालुक्यात घर आहे आमचं, गेटपासून दारापर्यंत २० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद कच्ची वाट. पावसात लाल चिखल होतो म्हणून मे महिन्यात एकाला काम दिलं. नाव लिहीत नाही, पण त्याने कसं फसवलं ते सगळं लिहिते कारण पावसाआधी अशी कामं बरेचजण करून घेतात.

ठरलं होतं की माती उकरायची, ६ इंच डबर (मोठे दगड) घालून रोलर फिरवायचा, वर जिओ फॅब्रिक (माती आणि खडी वेगळी ठेवणारं जाड कापड) अंथरून ४ इंच २० एमएम खडी. ८५ हजार सांगितले, ४० आगाऊ दिले. "मॅडम, पाच वर्षं बघायला नको" म्हणाला. मी दिवसभर पणजीला ऑफिसात, घरी फक्त सासरे, त्यांना गुडघ्यामुळे बाहेर उभं राहता येत नाही, आणि हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. संध्याकाळी आले तर वर स्वच्छ काळी खडी, रोलर फिरवलेला, छान दिसत होतं, उरलेले पैसे तिथल्या तिथे दिले. तीच माझी मोठी चूक.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यातच गाडीची चाकं रुतली. वजन पडलं की खडी खाली जायची आणि लाल रेंदा वर यायचा. कौलांच्या पागोळ्यांचं पाणी थेट वाटेवर पडतं, त्याला गटार नाही, वाटेला उतार नाही. सासरे घसरून पडले, मनगटाला प्लास्टर. ते पडले त्या दिवशी मला खूप रडू आलं.

मग शेजारच्या काकांनी कुदळीने एक पट्टा उकरला. फॅब्रिक नाही, डबर नाही, दोन इंच खडी आणि खाली चिरेखाणीवरची माती. तीच माती मूठभर पाण्याच्या बाटलीत घालून हलवली तर तासभर झाला तरी पाणी गढूळच, वर वर निवळायला लागलं तेव्हा तळाला जाड गाळ. खडीवाल्याकडून येणारा माल असाच बाटलीत टाकून बघा, हलवायला दोन मिनिटं लागतात. बिलात ६ ब्रास लावले होते, टिपरच्या तीन खेपा, प्रत्येकी २ ब्रास. काकांनी तोच टिपर दुसरीकडे उभा होता तेव्हा टेपने मापला, आतून १० फूट बाय ६ फूट बाय २ फूट, म्हणजे १२० घनफूट. ब्रास म्हणजे १०० घनफूट, तर काठोकाठ भरला तरी खेपेला १.२ ब्रास, तिन्ही मिळून ३.६! फोन केला तर म्हणे अजून एक खेप वर टाकू, २० हजार द्या. नाही दिले, कारण चिखलावर टाकलेली खडी पुन्हा चिखलातच जाणार. त्यानंतर फोन उचलणं बंद.

चवथीला गणपती आणायचा म्हणून आम्हीच पागोळ्यांखाली चर खणला, पाणी कडेला काढलं आणि पायवाटेपुरते जुने चिरे बसवले. गाडी अजून रस्त्यावरच लावतो. यावेळी डबर पडेल त्या दिवशी मी रजा घेणार आहे, आणि खडी पसरायच्या आधी खालचा थर बघून, फोटो काढून, मगच पुढचे पैसे.