पिओनीच्या बिया: 45.92 डॉलरना गंडवलं

45 डॉलर 92 सेंट. पिओनी म्हणजे थंड हवेतलं, मोठ्या फुलांचं झाड; तिच्या बार्ट्झेला जातीच्या बियांची तीन पाकिटं, प्रत्येकी 12.99, वर पोस्टेज 6.95. आकडा ऐकून नवरा हसला. हसू दे. त्या पैशात सारा बर्नहार्ट या जुन्या पिओनी जातीचा चांगला तीन-पाच डोळ्यांचा गड्डा आला असता.

बार्ट्झेला म्हणजे ती पिवळीधमक, 1986 मध्ये रॉजर अँडरसननी नोंदवलेली. संकरित जात, तिला बी जवळजवळ धरतच नाही. मग पाकिटात बी आलं कुठून? बरं, हे माहीत नव्हतं म्हणा. पण पाकीट फोडलं तेव्हा तळहातावर काय पडलं, तर चपट्या, तपकिरी, तिळाएवढ्या बिया! पिओनीचं बी काळं, गोल, चकचकीत असतं, मटाराहून थोडंच लहान. हात थबकला होता माझा. तरी पेरल्या. आता मला सांगा, बियांची मापं कोण पाठ करून बसतं? दुकानाला 4.8 तारे, खाली फुलांचे ढीगभर फोटो. माहेरी शेवंतीचे वाफे होते, मी काही अगदीच अडाणी नाही.

खरी मेख मुदतीत आहे. पिओनीच्या बियाला आधी ऊब लागते, त्यात नुसतं मूळ फुटतं. मग दोन-तीन महिने थंडी खाल्ल्याशिवाय कोंब वर येत नाही. फुलायला तीन ते पाच वर्षं, कधी जास्तच. त्यामुळे ‘उगवलं नाही’ म्हटलं की ‘मॅडम, धीर धरा’ हे उत्तर तयार. धीर धरला. परताव्याची मुदत संपली. इथे अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये बर्फ वितळल्यावर वाफ्यात आलं ते तण.

कार्ड कंपनी म्हणते, बिल निघून 60 दिवस उलटले. वेबसाइट म्हणते, विक्रेत्याशी बोला. विक्रेत्याचं दुकानच गायब, आणि तेच फोटो दुसऱ्या नावाखाली झळकतायत! सरकारी ग्राहक कक्षानं फॉर्म भरून घेतला, ‘नोंद घेतली’ असं पत्र पाठवलं, संपलं. फोन लावला तर अर्धा तास संगीत, मग बाई विचारते, बिया पोचल्या होत्या ना? म्हणजे पुडीत काहीही घालून पाठवा, पोचलं की व्यवहार चोख! बियांच्या पुडीसाठी कशाला एवढं, हे तर तिच्या आवाजातच होतं. अशा किती पुड्या विकल्या गेल्या असतील, ते विचारायला नको?

निळी पिओनी दिसली की पान बंद करा, ती नसतेच. नावाची जात बियांतून तशीच येत नाही, गड्डा फोडूनच मिळते. 1906 पासून सारा बर्नहार्ट अशीच चाललीय. पाकीट आलं त्याच दिवशी बियांचा फोटो काढा, शंका आली तर त्याच दिवशी भांडा. आणि गड्डा आणलात तर शरदात लावा, डोळे दोन इंचांहून खोल नकोत, नाहीतर नुसता पाला.

काल पुण्याहून वहिनीनं जाहिरात पाठवली: 100 पिओनी बिया, 249 रुपये, ‘कुंडीत बारमाही फुलं’. पुण्याच्या थंडीत खरा गड्डासुद्धा फुलायचा नाही. मी फोन करेपर्यंत तिची ऑर्डर गेलेली. पैसे दारात द्यायचेत म्हणे. म्हटलं, पाकीट हातातसुद्धा घेऊ नका, तसंच परत पाठवा.