पंधरा लिटरचा गिझर आणि त्यातला ॲनोड रॉड

सर्व्हिसला आलेल्या माणसाने झाकण काढलं, कॉइलला टेस्टर लावला आणि फॉर्म पुढे केला. "सगळं ओके आहे, सही करा." मी विचारलं, ॲनोड रॉड (टाकी गंजू नये म्हणून आत सोडलेली धातूची कांडी) पाहिला का? "तो काढायची गरज नसते." माझं डोकंच फिरलं. सही केली नाही. पुन्हा तक्रार नोंदवली आणि गॅस्केट (टाकी उघडल्यावर बदलावी लागणारी रबरी चकती) घेऊनच माणूस पाठवा म्हणून बजावलं.

गिझर नेहमीचाच: पंधरा लिटर, दोन हजार वॉट, पोलादी टाकीला आतून काचेचं अस्तर. पाणी वेळेत तापतं, टाकी बराच वेळ ऊब धरते, त्याबद्दल तक्रार नाही. पण वर्षभराहून जास्त वापरल्यावर माझं ठाम मत झालंय की या गिझरचं आयुष्य त्या एका रॉडवर ठरतं, आणि विकणारा, बसवणारा, दुरुस्त करणारा, कुणीच त्याच्याबद्दल तोंड उघडत नाही.

काचेच्या अस्तरात कुठे ना कुठे बारीक छिद्र राहतंच. तिथे पाणी पोलादाला भिडतं. मॅग्नेशियम लोखंडाआधी झिजतं, म्हणून त्याची कांडी आत सोडलेली असते. कांडी संपली की गंज टाकीला धरतो, आणि गळायला लागलेली टाकी कुणी दुरुस्त करून देत नाही, अख्खा गिझर बदलावा लागतो. रॉडची किंमत त्यापुढे काहीच नाही. तरीही वॉरंटीच्या पुस्तिकेत टाकीची वर्षं ठळक अक्षरात, आणि रॉड 'झिजणारा भाग' म्हणून बारीक अक्षरात वगळलेला! टाकीला वॉरंटी देता, मग तिला वाचवणारी वस्तू सर्व्हिसच्या यादीत का नाही?

दुसऱ्या वेळी आलेल्या माणसाने वीज आणि पाणी बंद करून टाकी रिकामी केली आणि फ्लँज, म्हणजे कॉइल बसवलेली बोल्टची तबकडी, उघडला. रॉडच्या खालच्या अर्ध्या भागात आतली तार उघडी पडली होती. वरच्या भागाला कुरतडल्यासारखे खड्डे आणि हाताला लागणारा पांढरट भुगा. 'गरज नसते' म्हणे! नवा रॉड तिथेच बसवून घेतला.

कॉइलबद्दलचं मत मात्र त्याच दिवशी बदललं. गिझर तापताना आतून कडकड आवाज यायचा, त्यासाठी मी कॉइलला नावं ठेवणार होतो. बाहेर काढली तर तिच्यावर क्षारांचा जाड थर. त्या थराखाली अडकलेलं पाणी उकळतं, त्याचा तो आवाज. दोष आमच्या जड पाण्याचा, कॉइलचा नाही. सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात ठेवल्यावर थर फेस येऊन सुटला आणि खालचं तांबं दिसलं. आवाज गेला.

तेव्हापासून थर्मोस्टॅट ७५ वरून ६० अंशांवर आणलाय. पाणी जितकं जास्त तापवाल तितके क्षार जास्त बसतात, शिवाय कमी तापवल्याने विजेचं बिलही वाचतं. त्याहून खाली मी आणत नाही, कारण कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला हे आजार पसरवणारे जिवाणू वाढतात. सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थेंब पडतात म्हणून कुणी तो बंद करू नका. २० अंशांचं पाणी ६० वर गेलं की साधारण दीड टक्का फुगतं, म्हणजे पंधरा लिटरमागे पाव लिटरच्या आसपास. ते कुठून तरी बाहेर पडायलाच हवं.

खरा राग आहे तो रचनेवर. रॉड कॉइलच्याच फ्लँजवर बसवलाय, त्यामुळे नुसता बघायचा म्हटला तरी टाकी रिकामी करा, सगळे बोल्ट सोडवा आणि नवं गॅस्केट टाका. काही गिझरमध्ये तो स्वतंत्र बोल्टाने बाहेरून काढता येतो, मग इथे का नाही? जड पाणी असेल तर वर्षातून एकदा तो पाहिलाच पाहिजे, आणि ते काम सोपं ठेवणं बनवणाऱ्याच्या हातात होतं. तापवण्याला पैकीच्या पैकी गुण, पण या एका कारणासाठी मी हा गिझर कुणाला सुचवणार नाही. पुढचा घेताना दुकानात आधी रॉड कुठून निघतो ते पाहणार, स्टार आणि रंग नंतर.