‘तुमचं बाळ सिलेक्ट झालंय’ असा मेसेज आला तर

नागपुरातल्या ज्या आईवडिलांनी बाळाचे फोटो घरीच हौसेनं काढून इन्स्टाग्रामवर टाकले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. बेबी कॅलेंडरसाठी तुमचं बाळ निवडलंय असं सांगून पैसे उकळणाऱ्या लोकांनी आम्हाला गंडवलं, आमचे १३,४४१ रुपये गेले. गेले तर गेले, पण त्या लोकांनी आमच्या लेकीचा फोटो पुढच्या आईबापांना फसवायला वापरला, म्हणून गप्प बसवत नाही.

फोटो तान्ह्या पोळ्याचा होता. लेक तेव्हा चार महिन्यांची. तान्ह्या पोळ्याला आपल्याकडे पोरं लाकडी नंदी सजवून घरोघरी बोजारा, म्हणजे पैसे-खाऊ, मागत फिरतात. हिला काही फिरता येणार नव्हतं, म्हणून शेतच घरात आणलं. हॉलमध्ये गादी टाकली, तिच्यावर सासूबाईंची हिरवी साडी पसरली आणि बोटांनी चुण्या पाडून तिच्या सऱ्या केल्या. वरच्या बाजूला ढग म्हणून वातींसाठी आणलेला कापूस. नंदी इतवारीतून आणलेला. डोक्याला लाल फेटा, मुठीजवळ वेसण म्हणून परकराची नाडी. बाळ पाठीवर निजलेलं, गुडघे आपोआप दुमडलेले; वरून पाहिलं तर नंदीमागं चालत निघाल्यासारखी दिसते. असल्या सगळ्या फोटोंची गंमत एवढीच असते की जमीन भिंतीसारखी दिसते. बाळाला बसवायचं नाही, उभं करायचं नाही, मान कुठं टेकवायची नाही.

बाल्कनीचं दार उघडं, ट्यूबलाइट बंद, फ्लॅश तर नाहीच. उजेड डोक्याकडून येईल असं बाळाला निजवायचं. पायांकडून आला तर हनुवटीखालून प्रकाश पडून चेहरा विचित्र दिसतो. मी स्टुलावर, यांनी स्टूल धरलेला, मोबाइलची दोरी माझ्या मनगटाला बांधलेली, कारण खाली निजलेल्या बाळाच्या तोंडावर फोन पडणं ही या छंदातली सगळ्यात मोठी भीती. फोटो झाला की नाडी, कापूस आणि नंदी तिघंही ताबडतोब उचलायचे. या वयात जे हाताला लागतं ते तोंडात जातं. सासूबाई दारातून पाहून म्हणाल्या, “पोट्टी अगदी किसान दिसून राहिली वं!”

तो फोटो टाकला आणि खूप लोकांनी पाहिला. त्याखालीच एका पानावरून कमेंट आली: ‘किती गोड! आमच्या बेबी कॅलेंडरसाठी मेसेज करा.’ पानावर हजारो फॉलोअर, वर एक गोंडस लोगो, मुंबईचा पत्ता. मेसेज केल्यावर फोन आला. बाई हिंदीत बोलत होती, मधाळ. लेकीचं कौतुक करताना तिनं फेट्याचा रंग, साडीच्या सऱ्या, सगळं नेमकं सांगितलं. आपण अर्धी सकाळ खपून केलेली गोष्ट कोणी इतक्या बारकाईनं पाहिली की माणूस पाघळतोच. त्यांचा धंदाच त्या पाघळण्यावर चालतो.

मग पैशांची शिडी सुरू झाली. आधी नोंदणीचे ४९९. पुढे ‘पोर्टफोलिओ’चे ६,९००, पहिल्या चेकबरोबर परत मिळणारे. दुसऱ्या दिवशी हिशेबातून जीएसटी राहून गेला म्हणून त्यावर १८ टक्के, म्हणजे १,२४२. शेवटी कपडे आणि दागिन्यांच्या डिपॉझिटचे ४,८००. प्रत्येक वेळी रक्कम अशी की आतापर्यंत भरलेले वाया जाऊ नयेत म्हणून माणूस भरून टाकतो. मधल्या काळात पीडीएफ करार, पावती, शूटिंगचं वेळापत्रक असं काही ना काही येत राहायचं, त्यामुळे काम पुढे सरकतंय असं वाटायचं.

पावतीवरचा जीएसटी क्रमांक नंतर नीट पाहिला. खरा क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. यांचा पत्ता मुंबईचा आणि क्रमांक ०७ ने सुरू होणारा, म्हणजे दिल्लीचा. अक्षरंही १५ भरत नव्हती. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर कोणालाही क्रमांक टाकून पाहता येतो, फुकट. यूपीआयवर पिन टाकण्याआधी खातेदाराचं नाव दिसतं, तिथंही दर वेळी वेगळ्याच माणसाचं नाव होतं, कंपनीचं एकदाही नाही. विचारलं तर म्हणे आमच्या अकाउंट्स टीममधले आहेत.

कागदपत्रांचं प्रकरण पैशांपेक्षा जास्त टोचतं. लेकीचा जन्मदाखला, माझं आधार आणि फोटोची ‘ओरिजिनल फाइल’ त्यांनी मागितली. फाइल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, क्वालिटी जाते, असं सांगितलं. क्वालिटी जाते हे खरंच आहे. पण डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फोटोबरोबर तारीख, वेळ, फोनचं मॉडेल आणि कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल तर घराचा नकाशावरचा ठिकाणासुद्धा जातो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशनचं बटण असतं, ते बंद ठेवा. आधार द्यावंच लागलं तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार यूआयडीएआयच्या साइटवर मिळतं.

शूटिंग रविवारी, वर्धा रोडवरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. चार महिन्यांचं बाळ नऊ तास! माझा मामेभाऊ पुण्यात जाहिरातींच्या प्रॉडक्शनमध्ये काम करतो, त्याला वेळापत्रक पाठवलं. त्याचा लगेच फोन. “ताई, कलेक्टरची परवानगी पाहिली का?” बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांनुसार लहान मुलाला जाहिरातीत घ्यायचं तर निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावानं मुदत ठेवीत टाकावे लागतात. “आणि आम्ही आईवडिलांकडून पैसे घेत नाही, देतो,” तो म्हणाला. हॉटेलला फोन लावला. रिसेप्शनवरच्या मुलानं शांतपणे सांगितलं, असं कोणतंही बुकिंग नाही, आणि मॅडम, तुमच्याआधीही फोन येऊन गेले.

आम्ही पैसे परत मागितले तेव्हा बाई जराही चिडली नाही. “बिलकुल मॅडम, रिफंड आपका हक है,” म्हणून तिनं क्यूआर कोड पाठवला. स्कॅन केल्यावर ९,९९९ रुपये दिसले आणि खाली पिनची चौकट आली. यांनी तिथंच फोन बाजूला ठेवला. पैसे घेताना पिन लागत नाही, स्कॅनही करावं लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून निघून राहिलेत. त्यानंतर तो नंबर बंद.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. तिथं लागतात व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरचा यूपीआय आयडी, तेव्हा हे जवळ घेऊनच फोन करा. शेवटचे ४,८०० समोरच्या खात्यात अडकवून ठेवले गेलेत, अजून हातात आलेले नाहीत. आधीचे केव्हाच एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात गेले. पिन आपणच टाकलेला असल्यानं बँक याला आपल्या परवानगीनं झालेला व्यवहार मानते. त्यामुळे १९३० ला जितक्या लवकर फोन, तितकी आशा. संशय आल्यावर आधी त्या बाईशी भांडत बसू नका. आम्ही रिफंडच्या बोलण्यात वेळ घालवला तेवढ्यात बाकीचे पैसे निसटले.

आम्हाला वाटलं, संपलं. मग एका अनोळखी बाईंचा मेसेज आला, अकोल्याच्या. “ताई, तुमची मुलगी सिलेक्ट झाली ना? पैसे भरू का?” सोबत स्क्रीनशॉट. त्या पानावर ‘या महिन्याची विजेती’ म्हणून आमची लेक, तोच फेटा, तोच नंदी, वर सोनेरी मुकुट चिकटवलेला. त्या बाईंनी माझं नाव फोटोखालच्या टॅगवरून शोधून काढलं होतं. त्यांचे ४९९ वाचले.

त्या रात्री मी त्या पानावरचे सगळे ‘विजेते’ पाहत बसले. फोटो काढणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलं तर ताबडतोब कळतं: एकही फोटो स्टुडिओतला नव्हता. एकात लादीचा सांधा, एकात पलंगाचा पाय, एकात चार्जरची वायर, एकात चादरीखालून डोकावणारी प्लॅस्टिकची शीट. सगळे आपल्यासारख्याच घरांत, आपल्यासारख्याच खिडक्यांच्या उजेडात काढलेले. कंपनीनं स्वतः केलेल्या शूटिंगचा एक फोटो नाही, छापलेल्या कॅलेंडरचं एक पान नाही. माझ्यासमोर पुरावा म्हणून ठेवलेली बाळंसुद्धा कोणा फसलेल्या आईनं घरी काढलेलीच होती. पैसे भरण्याआधी अशा ‘विजेत्या’ बाळाच्या आईला शोधून थेट विचारा, अकोल्याच्या बाईंनी केलं तसं. आणि पानाच्या नावावर टॅप करून ‘या खात्याविषयी’ पाहा. खातं कधी उघडलं आणि आधी किती वेळा नाव बदललं ते तिथं दिसतं. या पानानं बरीच नावं बदलली होती, एकेकाळी ते गाड्यांच्या विम्याचं पान होतं.

फोटो काढून टाकायला मात्र एक गोष्ट आपल्या बाजूनं असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, तुम्ही स्वतःसाठी घरी काढलेल्या फोटोच्या मालक तुम्हीच. मी इन्स्टाग्रामच्या कॉपीराइटच्या फॉर्ममधून तक्रार केली, सोबत मूळ फाइल आणि त्याच सकाळचे फसलेले फोटोही जोडले: जांभई देताना, फेटा डोळ्यांवर घसरलेला, एकात माझाच अंगठा. चोराकडे छान निघालेला एकच फोटो असतो, आधीचे-नंतरचे नसतात. म्हणून बिघडलेले फोटो डिलीट करू नका. लहान मुलाचा फोटो त्याच्या पालकांनी काढून टाकायला सांगण्याचा वेगळा फॉर्मही आहे, तोही भरा. पण आधी पानाचे, चॅटचे, क्यूआरचे स्क्रीनशॉट घ्या, मगच तक्रार करा. पान उडालं की पुरावाही उडतो.

आमचा फोटो निघाला. पान काही दिवस दिसेनासं झालं आणि नव्या नावानं, नव्या लोगोनं परत आलं. त्यावर मला आधी पाहिलेली बाळं पुन्हा दिसली: संत्र्यांच्या टोपलीशेजारी नारंगी टोपीत निजलेलं एक, उलट्या छत्रीत ठेवलेली जुळी, लाल चौकड्यांच्या गमछ्यावर लाकडी पोळपाट-लाटणं घेऊन ‘स्वयंपाक’ करणारी एक मुलगी, आणि निळ्या ओढणीच्या तलावात कागदी होड्यांमध्ये एक गुटगुटीत पोरगा. यातलं एखादं तुमचं असेल तर मला कळवा, माझ्याकडे त्या पानाचे तारखेसकट स्क्रीनशॉट आहेत.