डॉक्टरांची गाडी, सिंगल हॅण्ड

सेकंडहॅण्ड गाड्यांच्या बाजारात गेलं की कळतं, आपल्याकडच्या डॉक्टरांजवळ किती गाड्या असतात. आणि त्या ते कधी चालवतच नाहीत. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर, बस. माझ्या गळ्यात पडली ती गाडीही डॉक्टरांचीच होती. पांढरी डिझायर, डिझेल, मार्च २०१६ ची, मीटरवर ४२,६१३ किलोमीटर.

गोष्ट नोव्हेंबर २०२२ ची. अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. दर दोन महिन्यांनी मुंबईला दाखवायला न्यायचं आणि एसटीची पायरी त्यांना चढवत नव्हती. जन्मभर एसटी चालवलेल्या माणसाला एसटीत चढता येऊ नये, हे त्यांच्या फार जिवाला लागायचं. नवी गाडी आवाक्याबाहेर. नाशकात चार-पाच गाड्या बघितल्या, एकही पसंत पडेना. मग मोबाइलवर पुण्याच्या या गाडीची जाहिरात दिसली. मेहुण्याला घेऊन पहाटेच निघालो.

डीलरचं यार्ड हायवेलगत होतं. चकाचक, पत्र्याच्या शेडखाली तीसेक गाड्या ओळीने उभ्या. माणूस गोड बोलणारा. चहा आला. गाडी आधीच धुऊन, पॉलिश करून, नवी सीट कव्हरं घालून पुढे आणून ठेवलेली. चारही टायर नवे. "साहेब, टायर आम्ही आमच्या खर्चाने टाकलेत, तुम्हाला दोन-तीन वर्षं बघायला नको," असं तो म्हणाला आणि मला ती त्याची भलमनसाई वाटली. आरसी बुकावर मालकाच्या जागी कुठल्याशा 'एंटरप्रायझेस'चं नाव होतं. मी विचारलं, तर म्हणे डॉक्टरांनी क्लिनिकच्या फर्मवर घेतली आहे, टॅक्सचं बघायला लागतं ना. मी मान डोलावली. माझं सगळं आयुष्य एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये गेलंय. एंटरप्रायझेस नावाचं क्लिनिक मी तोवर पाहिलेलं नव्हतं.

सांगितले पाच लाख वीस हजार, ठरले चार लाख पंच्याऐंशी. त्यातले एक लाख पंच्याऐंशी रोख मागितले आणि डिलिव्हरी नोटवर किंमत लिहिली तीन लाख. "सगळे असंच करतात साहेब." मी सही केली. त्या नोटेच्या तळाशी बारीक अक्षरांत काय लिहिलंय, तेही वाचलं नाही. हा भाग पुढे मला सगळ्यात महाग पडला.

घरी आणल्यावर नारळ फोडला, हार घातला. अण्णांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. त्यांनी स्टिअरिंगला हातही लावला नाही, खाली पायांकडे बघत राहिले. म्हणाले, "चाळीस हजारांत पॅडलची रबरं बदलायची वेळ कशी आली रे?"

खरोखरच तिन्ही पॅडलवर कोरी काळी रबरं होती. मी चिडलो. नव्या गाडीच्या दिवशी कुणी असं बोलतं का? अण्णा गप्प बसले. नंतर दोन महिने त्यांनी विषय काढला नाही.

जानेवारीत मुंबईहून परत येताना कसारा घाट चढत होतो. अर्ध्यात इंजिनाचा आवाज वाढायला लागला, पण गाडी ओढेना. तिसरा टाकला, दुसरा टाकला, तेच. मागून ट्रकवाले हॉर्न देतायत, गाडीत जळका वास भरलेला आणि अण्णा शांतपणे सांगतायत, "क्लचवरचा पाय काढ, रेस देऊ नकोस, कडेला घे." पहिल्या गिअरमध्ये रांगत रांगत कसेबसे इगतपुरीला पोहोचलो. तिथल्या मेकॅनिकने दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स उतरवला आणि मला बोलावून क्लच प्लेट दाखवली. ती कंपनीची नव्हतीच, बाहेरची होती. म्हणजे गाडीबरोबर आलेली मूळ प्लेट कधीच संपून ही दुसरी बसली होती आणि आता तीही संपली होती. तो म्हणाला, "दादा, ही गाडी चाळीस हजार चाललेली नाहीये. तुम्हाला कुणी सांगितलं?"

मग त्याने मला स्टेपनी काढायला लावली. तिच्याकडे मी घेताना ढुंकूनही पाहिलं नव्हतं. टायरच्या बाजूवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. स्टेपनीवर होतं ३११९, म्हणजे २०१९ चा एकतिसावा आठवडा. आणि टायर गुळगुळीत. आता हिशोब करा. गाडी २०१६ ची, तिच्याबरोबर आलेले टायर २०१५-१६ चे. ते झिजले म्हणून २०१९ मध्ये दुसरा संच पडला. तोही टक्कल पडेपर्यंत वापरला आणि डीलरने तिसरा टाकला. साधारण चाळीस-पन्नास हजारांना टायरचा एक संच जातो. ज्या टायरांना मी भलमनसाई समजत होतो, ते पुरावा झाकायला घातलेले होते.

तरीही मला पक्कं हवं होतं. नाशिकला कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडी नेली, तपासणीचे पैसे भरले आणि सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला जुनी हिस्ट्री काढून दाखवायला सांगितलं. त्याने गाडीचा नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. ओळीने नोंदी होत्या. शेवटची जुलै २०२१ ची: १,३१,८७० किलोमीटर. त्यानंतर गाडी अधिकृत वर्कशॉपला गेलीच नव्हती. आधीची चाल महिन्याला दोन हजारांची, तशीच पुढचे सोळा महिने धरली तर मी घेतली तेव्हा गाडी एक लाख साठच्या पुढे गेलेली असणार. फर्म होती औषधांच्या वितरकाची. म्हणजे डॉक्टरांशी संबंध होता म्हणायचा, एवढाच दिलासा.

वर्कशॉपमधून बाहेर येऊन मी टपरीवर बसलो आणि बिलाच्या मागे एक भागाकार केला. तो नोव्हेंबरमध्येच करायला हवा होता. मार्च २०१६ ते नोव्हेंबर २०२२, ऐंशी महिने. ४२,६१३ भागिले ऐंशी, महिन्याला ५३३ किलोमीटर. त्या काळात डिझेलची गाडी पेट्रोलपेक्षा लाखभर महाग मिळायची. महिन्याला पाचशे किलोमीटर फिरणारा माणूस लाखभर जास्त देऊन डिझेल कशाला घेईल? घेणारच नाही असं नाही, हौस म्हणून घेतोही कुणी. पण डिझेल गाडीवर कमी किलोमीटर दिसले की आनंद होण्याऐवजी शंका यायला पाहिजे. मला आनंद झाला होता.

हे करतात कसं, तेही एका मीटर दुरुस्तीवाल्याकडे बसून समजून घेतलं. पूर्वी केबलचे मीटर असायचे, तेव्हा केबलला ड्रिल मशीन लावून उलटं फिरवत बसायचे, वेळ लागायचा, आणि आकड्यांची चाकं वेडीवाकडी बसली की पकडले जायचे. डिजिटल मीटर आल्यावर लोकांना वाटलं आता हे बंद होईल. उलट सोपं झालं. स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडायचं सॉकेट असतं, तिथे लॅपटॉप किंवा हातातलं यंत्र लावून आकडा बदलतात. तसं जमलं नाही तर मीटर उघडतात. आत आठ पायांची इवलीशी मेमरी चिप असते, ती वाचायची, नवा आकडा लिहायचा, परत बसवायची. अर्ध्या तासाचं काम, मजुरी दोन-तीन हजार. काही गाड्यांत हाच आकडा इंजिनच्या किंवा इतर कॉम्प्युटरमध्येही साठवलेला असतो आणि घाईत काम करणारे तिथला बदलत नाहीत, त्यामुळे चांगल्या स्कॅनरला तफावत दिसते. पण त्यावर विसंबू नका. माझ्या गाडीला स्कॅनर लावला तर तो म्हणाला, सगळं ठीक.

दोन हजारांच्या कामावर त्यांनी किती कमावले? लाख-दीड लाख. खऱ्या किलोमीटरला ही गाडी साडेतीनच्या आसपास गेली असती, असं मला तिघांनी वेगवेगळं सांगितलं. आणि साडेतीनला मी घेतलीही असती! दीड लाख चाललेली, वेळच्या वेळी काम केलेली डिझेल गाडी वाईट नसते. तिचं काय झालंय आणि काय व्हायचंय, ते माहीत असलं की झालं. मला चाळीस हजार चाललेल्या गाडीचं देखभालीचं वेळापत्रक दिलं गेलं आणि गाडी भलत्याच वयाची होती. क्लच, पुढचे लोअर आर्म, मग टर्बो. वर्षभरात एकाहत्तर हजार गेले. घाटात क्लचऐवजी ब्रेकचं काही झालं असतं तर, हा विचार मी शक्यतो करत नाही.

डीलरकडे गेलो. चहा या वेळीही आला. तो म्हणाला, "आमच्याकडे आली तेव्हा मीटर असाच होता, आम्हीपण फसलो." मग माझीच डिलिव्हरी नोट काढून तळाची ओळ दाखवली: वाहन आहे त्या स्थितीत विकले, मीटर रीडिंगची हमी नाही. पोलीस ठाण्यात गेलो तर हा दिवाणी मामला आहे म्हणून बोळवण झाली. वकील म्हणाले, फसवणुकीचं कलम लागू शकतं (तेव्हा ४२०, आता भारतीय न्याय संहितेत ३१८), पण मीटर नेमका कुणी फिरवला हे सिद्ध करत बसावं लागेल. त्यापेक्षा ग्राहक आयोग बरा. तिथे दोन वर्षांच्या आत जायचं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. १९१५ या हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवा, मग नोटीस देऊ.

पण पुरावा? जाहिरात केव्हाच काढून टाकलेली. इथे बायको कामाला आली. तिने जाहिरातीचे स्क्रीनशॉट तिच्या भावाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते. त्यात मीटरचा फोटो होता आणि खाली ठळक अक्षरांत 'जेन्युइन मीटर, गॅरंटेड' असं लिहिलेलं. एका हाताने गॅरंटी आणि दुसऱ्या हाताने हमी नाही! वकिलांनी ते आणि वर्कशॉपचा हिस्ट्रीचा कागद जोडून नोटीस पाठवली. तीन आठवड्यांत डीलरचा फोन आला. पासष्ट हजारांवर मिटलं. जास्त का नाही? कारण कागदोपत्री गाडी मी तीन लाखांनाच घेतली होती. वर दिलेली रोकड कुठेच नव्हती, आणि ती होती असं सांगायला गेलो तर मीच अडकतो, हे अकाउंट्सच्या माणसाला वेगळं सांगायला नको. लोक म्हणतात केस लढवायला हवी होतीस. असेल. अण्णांची दुसऱ्या गुडघ्याची तारीख आली होती.

माझ्यानंतर मेहुण्याने गाडी घेतली, तेव्हा मी बरोबर गेलो. टोकन द्यायच्या आधी गाडी वर्कशॉपला न्यायची आणि हिस्ट्री बघायची, ही अट मी पहिल्याच फोनवर घातली. दोघांनी फोन ठेवून दिला, काम तिथेच झालं. तिसऱ्याने नेऊ दिली. सीट कव्हर उचलून ड्रायव्हरच्या सीटची कड बघितली, चढता-उतरता तीच आधी बसते. स्टिअरिंगचं कातडं, काचेची बटणं, दार उघडताना ते खाली झोल खातं का. बॉनेटखाली आणि दाराच्या खांबावर ऑइल बदलल्याचे स्टिकर चिकटलेले असतात, ते काढायचे डीलर कधीकधी विसरतात. स्टेपनी तर पहिली काढली. मालकाला फास्टॅगचं स्टेटमेंट मागितलं, जुनी पॉलिसी मागितली, क्लेम झाला असेल तर सर्व्हेअरच्या रिपोर्टात त्या दिवसाचे किलोमीटर असतात. आणि एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, गाडी कुठे, किती फिरवली याचं रजिस्टर ठेवावं लागतं. ते अधिकारपत्र दाखवा म्हटलं की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. सौदा ठरल्यावर मीटरचा आकडा, 'हा खरा आहे' एवढे शब्द आणि पूर्ण किंमत डिलिव्हरी नोटवर लिहून घेतली. पैसे सगळे बँकेतून.

माझी डिझायर अजून माझ्याकडेच आहे. मध्यंतरी विकायचं मनात होतं, एक एजंट बघायला आला. मीटरवर तेव्हा ६८ हजार होते. फेरी मारून खूश झाला. मी त्याला सांगितलं, यात एक लाख वीस हजार मिळवा. तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मग उलट सोपंय की साहेब. ६८ तर आहेतच, अजून थोडे खाली आणू. कुणाला सांगायचं कशाला?"

अण्णा ओट्यावर बसले होते. त्यांनी त्याला पाणी विचारलं आणि गाडीची किल्ली माझ्याकडून मागून घेतली.