ऑक्सिजनच्या नावाखाली ५,७९९ रुपयांची टोपी

सोलापूरकरांनो, घरी फिशटँक असेल तर ‘ऑक्सिजन पावडर’च्या व्हिडिओखालच्या नंबरला चुकूनही फोन करू नका. पावडरचे दोन डबे १,७००, ‘ऑक्सिजन जनरेटर’ ३,४५०, घरपोच देण्याचे १५०. आणि वरचे ४९९ कशाचे, ते पुढे सांगतो. सांगायला लाज वाटते.

एवढा शिकलेला माणूस फसला कसा, असं विचारणाऱ्याने मे महिन्यात माझ्या घरी यावं. बाहेर ४३ डिग्री, टँकचं पाणी ३३ वर, त्यात लाइट गेलेली. पाणी तापेल तसा त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २५ डिग्रीला लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम, ३५ ला सातसुद्धा नाही. गोल्डफिश वर येऊन नुसते आ वासत होते. पाणी बदलायचं म्हणाल, तर नळाला चार-पाच दिवसांनी पाणी. माणसांना पुरवायचं की माशांना? अशा वेळी कुणी “अण्णा, दहा मिनिटांत मासे खाली जातील” म्हणालं असतं तर तुम्हीही पैसे पाठवले असते.

गेले खाली. कायमचे.

डबा उघडला तेव्हाच कळायला हवं होतं, ते आठवलं की अजून डोकं फिरतं. चमचाभर पावडर टाकली आणि पाणी असं फसफसलं की पोरगी म्हणाली, “बाबा, आजीच्या इनोसारखंच होतंय की.” मी तिलाच गप्प केलं! मासे गेल्यावर तीच पावडर ग्लासात टाकून पेटती उदबत्ती आत धरली. ऑक्सिजन असता तर निखारा भडकला असता. हा विझला. खायचा सोडा आणि लिंबूसत्त्व, दुसरं काय असणार? बुडबुडे सगळे कार्बन डायऑक्साइडचे. आधीच गुदमरलेल्या माशांच्या पाण्यात तोच वायू गेला. ‘जनरेटर’ खोलला तर आत तीन-चारशेचा साधा एअर पंप, वर निळा दिवा.

तो पंपही ऑक्सिजन बनवत नाही हो. पाणी ढवळतो, हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागातून आत उतरतो, बस. लाइट गेली की मगाने पाणी काढून वरून धार धरा. फुकट काम होतं. त्या वेळी खाणं घालू नका. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर नळीत पाणी मागे येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. लाइट गेल्यावर पाणी उलटं पंपात आणि तिथून प्लगपर्यंत येतं. पेरॉक्साइडवाल्या खऱ्या ऑक्सिजन गोळ्याही मिळतात, पण डोस चुकला तर कल्ले भाजतात.

आता ते ४९९. पैसे परत मागितले तर ‘रिफंडची प्रोसेसिंग फी’. भरले, कारण समोरचा ५,३०० देतो म्हणत होता आणि नवी पेठेतला पत्ताही दिला होता. पत्त्यावर चादरींचं दुकान! यूपीआयवरचं नाव दुकानाचं आहे का, ते आधी वाचत जा.

चौकीत गेलो तर “माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?” दुसरा हसून विचारतो, “खायचे मासे होते का?” सायबरकडे जा म्हणे. सायबरवाले म्हणे चौकीचं पत्र आणा. पत्र देणारे साहेब बंदोबस्तावर. बँकेत ऐकवलं, “पिन तुम्हीच टाकलात.” अहो, मीच टाकला, तीच तर तक्रार आहे! अर्जाची पोच मागितली तर ऑनलाइन टाका. या लोकांना ५,७९९ म्हणजे चिल्लर. खिसा यांचा नव्हता ना! पैसे गेल्या गेल्या सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा, चौकीच्या बाकड्यावर वेळ घालवू नका.

मी ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. पोपटी झाकणाचा तो डबा तुमच्याकडे असेल तर फेकू नका, यूपीआयचा मेसेजही पुसू नका. एकत्र तक्रार टाकू.